इन्सुलिननंतरचा अर्धा तास

मुश्ताक गेल्याचा फोन इरफानने केला, त्याच्या पुतण्याने. सकाळी मी दाढी करत होतो, अर्ध्या गालाला साबण तसाच. "काका, चाचा गेले," तो म्हणाला. अशा वेळी माणसाने काय म्हणावं ते मला ठाऊक आहे. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात असे फोन पुष्कळ घेतले. पण माझ्या तोंडून निघालं, "साखर किती होती?" पलीकडे इरफानने नाक ओढलं. मग म्हणाला, "झोपेतच गेले, काका. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले." आणि वर, मलाच धीर द्यावा तसं, "रात्रीची साखर ठीक होती. एकशे तीस." रडणाऱ्या पोराकडून मी आकडा काढून घेतला. तो ऐकून मला... खरं तेच लिहितो... आधी हायसं वाटलं, आणि दुःख त्यानंतर झालं. हा क्रम उलटा का झाला, ते सांगितल्याशिवाय मला मुश्ताकबद्दल काही लिहिता येणार नाही.

मुश्ताक रत्नागिरीतल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. खाडीकाठच्या राजिवड्याकडे उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या आहेत. त्यांच्या वरच्या टोकाला आमचं घर, खालच्या टोकाला त्याचं. त्याचे वडील बोटीवर खलाशी होते आणि वर्षातले बरेच महिने समुद्रात असायचे. चौदाव्या वर्षी मुश्ताक एकाएकी वाळायला लागला. पाणी पिऊन पिऊन घागर रिकामी करायचा आणि तरी तहानलेला. त्याच्या आईला वाटलं, पोराला कुणाची तरी नजर लागली. जिल्ह्याच्या इस्पितळात निदान झालं ते मधुमेहाचं, आणि तेही आमच्या वडिलांना होता त्या जातीचा नव्हे. वडिलांचं स्वादुपिंड थकलेलं होतं. मुश्ताकच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच्याच शरीराने, परक्या समजून, मारून टाकल्या होत्या. या पेशी स्वादुपिंडात लहानलहान बेटांसारख्या विखुरलेल्या असतात, आणि इन्सुलिन हे नावही मुळात बेट या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलेलं आहे, हे मला त्यानेच पुढे सांगितलं. स्वतःच्या आजाराबद्दल कुणी विचारलं की तो म्हणायचा, "माझी बेटं चौदाव्या वर्षीच बुडाली रे. तेव्हापासून सगळा माल बाहेरून."

आमची ओळख झाली ती शाळेत नाही, औषधाच्या दुकानात. मी वडिलांची बाटली आणायला जायचो, तो स्वतःची. त्या काळी इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढलेलं असायचं. त्याच्या आईने एकदा दुकानातल्या कंपाउंडरला हळूच विचारलं, "ह्ये डुकराचं तर नाय ना, भाऊ?" कंपाउंडर म्हणाला, "छे छे, आपा, गाईचं." ती निश्चिंत झाली. पुढच्याच महिन्यात माझ्या आईने त्याच कंपाउंडरला विचारलं, "हे गाईचं नाही ना हो?" तो म्हणाला, "नाही काकू, डुकराचं." तीही निश्चिंत झाली. आम्ही दोघं पोरं पायऱ्यांवर बसलो आणि बाटल्या शेजारी शेजारी धरल्या. तोच कारखाना, तेच लेबल, त्यावर तेच बारीक इंग्रजी अक्षर. मुश्ताकने ते लावून लावून वाचलं, गाय आणि डुक्कर दोन्ही, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "विन्या, तुझ्या आईला काही बोलू नकोस." मी बोललो नाही. वडील त्या बाटल्यांवर आणखी अकरा वर्षं जगले, आणि आई रोज देवाजवळ दिवा लावताना त्या कंपाउंडरचंही नाव घ्यायची. खोटं बोलूनही माणूस दोन घरं जगवू शकतो, याचा हिशेब मला आजतागायत लावता आलेला नाही. माझा स्वभाव तसा नाही. आकडा चुकला म्हणजे चुकला, असं मी मानत आलो. माझी नोकरीही सरकारी बिलं तपासण्याची.

वडिलांची सुई भरायला मला मुश्ताकनेच शिकवलं. तेव्हा काचेची सिरिंज असायची, ती पातेल्यात उकळायची. बाटलीत आधी तितकीच हवा सोडायची, मग बाटली उलटी धरून औषध ओढायचं, टिचकी मारून बुडबुडा वर आणायचा. "बुडबुडा म्हणजे न घेतलेलं औषध," तो बजावायचा. मला ते काम आवडलं. त्यात खुणा होत्या, माप होतं, चूक की बरोबर ते लगेच कळत होतं.

शिक्षक झाल्यावर तो दरवर्षी आठवीच्या वर्गात एक शिंगाळा मासा घेऊन जायचा. बंदरावरून सकाळी ताजा आणलेला. मुलं नाकं दाबायची, कोळ्यांची मुलं त्यांना हसायची, आणि मास्तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून मासा फाडायचे. माणसात आणि गुराढोरांत ही बेटं स्वादुपिंडात अशी मिसळलेली असतात, की पचनाच्या रसापासून त्यांना वेगळं काढणं हेच मोठं संकट होतं. स्वादुपिंड कुटलं की तो रस इन्सुलिनलाच खाऊन टाकायचा; पुष्कळ हुशार माणसं तिथेच अडकून पडली होती. पण हाडवाल्या माशांमध्ये बऱ्याचदा ही बेटं निराळी गाठ करून पित्ताशयाजवळ बसलेली सापडतात. सुरीच्या टोकावर तो ती गाठ धरायचा, एवढीशी, ज्वारीच्या दाण्याएवढी, आणि सांगायचा, "बघा, माशाने आपलं काम किती सोपं करून ठेवलंय." शंभर वर्षांपूर्वी कुणी कुणी माशांच्या गाठींतून इन्सुलिन काढूनही पाहिलं होतं, पण इतक्या गाठी गोळा करायच्या कशा, म्हणून ते मागे पडलं. मला हे सांगताना तो वर जोडायचा, "माशाचं चाललं असतं ना विन्या, तर आपल्या दोघांच्या आयांना खरं सांगता आलं असतं. मासा काय, सगळ्यांचाच."

साखर आणि इन्सुलिनचं तो बंदराच्या भाषेत सांगायचा. धक्क्यावर माल उतरलाय, गोदामंही आहेत, पण गोदामाचं दार उघडणारा माणूस नाही. मग माल धक्क्यावर पडून नासतो, आणि गोदामातली माणसं उपाशी मरतात. मधुमेह तो हा. रक्तात साखर भरभरून, आणि पेशी भुकेलेल्या. इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट सांगायला लागला की मात्र त्याचा आवाज बदलायचा. कॅनडातल्या एका उन्हाळ्यात एक तरुण सर्जन आणि त्याचा विद्यार्थी मदतनीस कुत्र्यांवर प्रयोग करत होते. त्यातून निघालेला अर्क पहिल्यांदा टोचला तो चौदा वर्षांच्या एका मुलाला. चौदा वर्षं, म्हणजे मुश्ताक आजारी पडला तेव्हाच्याच वयाचा. उपासमारीचं पथ्य करून करून तो मुलगा हाडांचा सापळा झाला होता, कारण तोवर उपाय म्हणून एवढंच होतं, खायला न देणं. "आणि ती पहिली सुई फसली," मुश्ताक सांगायचा. "अर्क शुद्ध नव्हता. पोराला टोचलं तिथे गळू झालं, साखर जेमतेम हलली. सगळे हा भाग गाळतात. पहिली सुई फसली." मग त्यांच्यातल्या एका रसायनवाल्याने तो अर्क धुऊन, गाळून, शुद्ध केला, आणि काही दिवसांनी त्याच मुलाला पुन्हा टोचला. मुलगा उठून बसला.

पन्नाशीनंतर मुश्ताकचे डोळे गेले. एकदम नाही, डोळ्याच्या पडद्यावर रक्त उतरायचं, लेझर व्हायचं, थोडं दिसायचं, परत धुकं. शाळेची नोकरी सुटली. सिरिंजवरच्या खुणा दिसेनात. रेहानाभाभी, त्याची बायको, धीराची बाई आहे, पण सुई बघितली की तिला घेरी येते. मुलगी लग्न होऊन मुंब्र्याला. तेव्हा त्याने मला निरोप धाडला नाही, स्वतः पायऱ्या चाचपत वर आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुमचा नवरा सकाळी अर्धा-पाऊण तास मला भाड्याने द्या." त्या दिवसापासून ऑफिसला जाण्याआधी मी खाली उतरायला लागलो. दोन सुया भरायच्या. एक तेव्हाची, वीस युनिट. दुसरी संध्याकाळची, चौदा, ती टोपण लावून फ्रिजच्या दारात ठेवायची. ती तो चाचपून स्वतः घ्यायचा.

तो घ्यायचा त्या जुन्या जातीच्या इन्सुलिनचं असं असतं, की टोचल्यावर लगेच जेवायचं नाही, अर्धा तास थांबायचं. बाटलीत त्याचे कण सहा-सहाच्या जुडीने राहतात. कातडीखाली गेल्यावर जुडी सुटावी लागते, तेव्हा कुठे एकेक कण रक्तात शिरतो. "सहा जण हाताला हात धरून बसलेत," मुश्ताक म्हणायचा, "त्यांचे हात सुटायला अर्धा तास. घाई केलीस तर भाकरी आधी पोचते आणि हे मागून धापा टाकत येतात." हा अर्धा तास आमचा होता. पडवीत दोन खुर्च्या, समोर खाडी, तीही त्याला दिसत नसलेली. मग तो मला विचारायचा, पाणी कुठवर आलंय, कुठल्या होड्या बाहेर आहेत. आणि हमखास, "काल कुणाचं बिल परत पाठवलंस? खरं सांग." मी सांगायचो. कुणाची सही नव्हती, कुणाची बेरीज चुकलेली. तो मांडीवर थाप मारून हसायचा. "बिचारा! शाई वाळली नसेल तोवर परत! विन्या, तू जन्नतच्या दारात उभा राहिलास तर रांग मुंबईपर्यंत जाईल." चार वर्षं असं चाललं. मी घड्याळ बघायचो खरं, पण अर्धा तास झाल्यावर उठायचो नाही.

मागच्या वर्षी इरफान कतारहून कायमचा परत आला आणि चाचासाठी इन्सुलिनच्या सहा बाटल्या घेऊन आला, थर्मासमध्ये बर्फात घालून. आमच्याकडे आखातातून आलेली वस्तू चांगलीच, यावर कुणाचा वाद नसतो. साबण असो, ब्लँकेट असो, पाठीला लावायचं मलम असो. मलाही बरं वाटलं. तीच कंपनी, तेच नाव, लेबलाचा रंगही तोच. मी माझ्या सवयीप्रमाणे बाटली उजेडात धरली. मुदतीची तारीख वाचली, परत वाचली. बर्फाने गोठून गुठळी तर झाली नाही ना, ते पाहिलं. मग वीसच्या खुणेपर्यंत भरलं, मुश्ताकला दिलं. चौदाच्या खुणेपर्यंत दुसरी भरली, फ्रिजमध्ये ठेवली. अर्धा तास बसलो, त्याने भाकरी आणि अंडं खायला घेतलं, आणि मी ऑफिसला गेलो.

अकराच्या सुमारास भाभीचा फोन आला. तो घामाने भिजला होता, तिला ओळखत नव्हता, आणि तिने तोंडात घातलेला मध ओठांतून बाहेर येत होता. मी पोचेपर्यंत इरफानने त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. ग्लुकोजची बाटली चढत होती. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "घरातली औषधाची बाटली आणि सिरिंज, दोन्ही आणा." इरफानने आणून टेबलावर ठेवली. मला डॉक्टरांनी काही सांगावं लागलं नाही. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या बाटलीत एका मिलिलिटरला चाळीस युनिट असतात, आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाने आखलेली असते. बाहेरच्या बहुतेक देशांत एका मिलिलिटरला शंभर. बाटलीवर ते स्वच्छ छापलेलं होतं, शंभर. तारीख वाचली तिच्या अगदी वरच. वीसच्या खुणेला पन्नास युनिट गेली होती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "मी भरलं." आणि तसं म्हणत असतानाच आठवलं, दुसरी सुई फ्रिजच्या दारात आहे. चौदा नव्हे, पस्तीस. घरी कुणी नव्हतं, कुणी ती घेणारही नव्हतं. तरी मी इरफानची मोटारसायकल घेऊन तसाच गेलो, ती सुई काढली आणि मोरीत रिकामी केली. पाण्याचा नळ बराच वेळ चालू ठेवला.

संध्याकाळी मुश्ताक शुद्धीवर आला. मी पलंगाजवळ उभा होतो. काय झालं ते मीच सांगितलं, आकड्यांसकट. तो ऐकत राहिला. मग कोरड्या ओठांनी म्हणाला, "वीसचे पन्नास? विन्या... जन्मात पहिल्यांदा तू कुणाला जास्त दिलंस." रेहानाभाभी रडता रडता हसली. मला हसता आलं नाही. मी निघताना तो म्हणाला, "परवा घरी सोडतील. सकाळी ये."

मी गेलो नाही. माझी चूक वठारातल्या घराघरांत त्याच दिवशी कळली होती, आणि कुणी मला एक शब्द बोललं नाही. चूक व्हायची तशी झाली. तिच्याबद्दल मला आज लिहायचं नाही. लिहायचंय ते त्यानंतरच्या पाच महिन्यांबद्दल. मी डॉक्टरांना गाठलं आणि म्हटलं, याला इन्सुलिनचं पेन द्या. पेनात बाटली नाही, सिरिंज नाही, मापांची गफलत नाही. चकती फिरवली की टिक टिक आवाज होतो, एका आवाजाला एक युनिट. आंधळ्यालाही मोजता येतं. डॉक्टरांना पटलं. जेवणाआधीचं एक पेन, रात्रीचं दुसरं, रात्रीच्याला मी रबर गुंडाळून दिलं. एका रविवारी दुपारभर बसून मी मुश्ताकला शिकवलं, दहा वेळा करून घेतलं, दहाही वेळा बरोबर आलं. मला वाटलं, व्यवस्था चोख झाली. आणि पेनातल्या नव्या इन्सुलिनची जुडी लगेच सुटते. टोचलं की जेवायला बसायचं. मी हे त्याला कौतुकाने सांगितलं. "आता अर्धा तास थांबायला नको. तुझा वेळ वाचला."

तो म्हणाला, "वाचवलेला वेळ काय भाजून खाऊ?"

मी काहीतरी बोललो. बहुधा असं, की आता माझी गरज उरली नाही, ही चांगलीच गोष्ट आहे.

"तुझी गरज सुईला होती होय रे?" असं म्हणून त्याने पेन बाजूला ठेवलं. "बरं, ऐक. मला पेन नको. उद्या बाटली घेऊन बस. तूच भर."

"मी आता कुणाची सुई भरणार नाही."

"का?"

"हात चालणार नाही."

मग त्याने ती गोष्ट काढली, त्या चौदा वर्षांच्या मुलाची. "पहिली सुई फसली म्हणून ती माणसं घरी बसली असती तर मी आज कुठे असतो? पोराला गळू झालं होतं, विन्या. त्याच पोराकडे परत गेले ते. दुसऱ्या कुणाकडे नाही."

"त्यांनी औषध शुद्ध केलं," मी म्हणालो. "मी काय शुद्ध करू?"

"हात धू आणि ये."

मला हे उत्तर त्या वेळी थट्टेचं वाटलं. मी ईदला गेलो, एकदोन रविवारी गेलो, फळं घेऊन, पाहुण्यासारखा. खुर्चीच्या कडेवर बसायचो. आधी त्याची साखरेची नोंद विचारायचो, ती चांगली असली की मला उठता यायचं. सकाळी ऑफिसला जाताना पायऱ्यांनी न उतरता वरच्या रस्त्याने रिक्षा करायला लागलो. बायको एकदा म्हणाली, "मुश्ताकभाईंना भेटून जा की जरा, वाटेवर तर आहे." मी म्हटलं, त्यांना आता सगळं स्वतःचं स्वतः करता येतं. तिने डबा माझ्या हातात दिला. तिला कळलं होतं, मला कळायला अजून अवकाश होता... मी त्याला वाचवण्यासाठी दूर राहिलो नव्हतो. पुन्हा माझ्या हातून काही होऊ नये, माझा आकडा पुन्हा चुकू नये, एवढ्यासाठी राहिलो होतो. बिल परत पाठवावं तसं मी स्वतःला परत पाठवलं आणि त्याला कारणाचा शेरा मारला.

दफनाच्या वेळी मी माती दिली. इरफान माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, बाटल्या मी आणल्या होत्या. मलाही बघता आलं असतं." मी त्याला म्हटलं, "तू प्रेमाने आणल्यास. बघणं माझं काम होतं." त्याने मान हलवली, पण हे बोलून मी त्याचं ओझं हलकं केलं की माझाच मान राखला, ते मला नक्की सांगता येणार नाही. नंतर मी दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांना विचारलं, पाच महिन्यांपूर्वीच्या त्या दिवसाचा हृदयावर काही परिणाम राहिला असेल का. ते नाही म्हणाले. चाळीसहून अधिक वर्षांचा मधुमेह, हृदय केव्हाचं थकलेलं, त्या एका दिवसाशी संबंध नाही. मी वेगळ्या शब्दांत परत विचारलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला माझ्याकडून 'हो' ऐकायचंय का?" ते शांतपणे म्हणाले. मी उठलो. खरं तर मला तेच ऐकायचं होतं. चुकीला शिक्षा असते, ती भोगता येते. पाच महिने सकाळी न गेल्याची शिक्षा कुठल्या डॉक्टरला विचारायची?

चाळिसावा दिवस झाल्यावर भाभीकडे गेलो. ती पडवीत आमसुलं निवडत बसली होती. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो, की भाभी, त्या दिवशी माझ्या हातून जे झालं... तिने मला पुढे बोलू दिलं नाही. "विनूभाऊ, त्या सुईचं त्यांनी कुणाला काय म्हटलं नाय. माझ्यासमोरही नाय. तुम्ही यायचे बंद झालात त्याच्यावरून मात्र रोज सकाळी शिव्या." मी विचारलं, "काय म्हणायचे?" "आता त्या मी माझ्या तोंडाने बोलू?" ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. "टोचून पळणारा नव्हता म्हणायचे, आता न टोचताच पळाला." तिने पुन्हा आमसुलं निवडायला घेतली. मग ती एकदम म्हणाली, "हव्वाखालाची नात परवा सासरी गेली."

हव्वाखाला म्हणजे समोरच्या घराच्या माडीवर राहणारी म्हातारी, खलाशाची बायको, ऐंशीच्या पुढची. तिला सरकारी दवाखान्यातून बाटल्या मिळतात, जुन्या जातीच्या. सुई नात भरायची. मी भाभीला म्हटलं, "पेन घेऊन देऊ की तिला." भाभीने वर बघितलंसुद्धा नाही. "तिला बोटांत टिकटिक कळत नाय. सांधे धरलेत. आणि तुम्ही सगळ्यांना पेनंच देत सुटणार काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडी चढलो. हात धुतले, साबण लावून, परत धुतले. बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचला, सुईवरचा वाचला. तरी बुडबुडा काही केल्या वर येईना, मी टिचकीवर टिचकी मारत राहिलो. म्हातारी बाही वर करून वाट बघत होती. तिला दिसत कमी असलं तरी माझा श्वास ऐकू येत असणार. म्हणाली, "बाबा, सुई टोचायचीय. नांगर नाय टाकायचाय." मग बुडबुडा निघाला. दहाच्या खुणेपर्यंत भरलं, परत पाहिलं, टोचलं. ती "हूं" म्हणाली, एवढंच. मी पिशवी उचलली, ऑफिसची वेळ होत होती. "कुठं चाललास?" ती म्हणाली. "जेवायला उशीर हाय मना अजून. तंवर मी काय भिंतीशी बोलू?"

तेव्हापासून रोज बसतो. ती तिच्या नवऱ्याच्या बोटींबद्दल बोलते, कुठल्या बंदरात त्याने काय खाल्लं त्याबद्दल, नातीच्या सासूबद्दल; मी ऐकतो. लोक म्हणतात, विनायकराव म्हाताऱ्या बाईचं करतात, पुण्याचं काम आहे. तसं नाही. हे ज्याचं होतं त्याला मी दिलं नाही, आता ते दुसऱ्या दारात नेऊन देतोय, आणि त्याने त्याचं काही फिटत नाही, हे मला चांगलं कळतं. माडीच्या खिडकीतून मुश्ताकची पडवी सरळ खाली दिसते. भाभी सकाळी तिथे झाडत असते. काल तिने झाडू थांबवून वर बघितलं आणि हाक मारली, "विनूभाऊ, झालं काय?"

"झालं केव्हाच," मी खिडकीतून म्हणालो. "बसलोय अजून."